अक्षरं विस्कटलेली, शब्द शाबूत: वर्तमानपत्रातलं रोजचं कोडं सोडवायचं कसं

चौकटीत पाच अक्षरं छापलेली आहेत: क ड णू नि व. यांचा एक शब्द करायचा आहे. बहुतेक जण इथे एकच गोष्ट करतात. अक्षरांकडे टक लावून बसतात आणि ती मनातल्या मनात ढवळतात. कधी शब्द पटकन वर येतो, कधी अर्धा तास येत नाही. मग 'आज काही सुचत नाही' म्हणून पान उलटलं जातं.

सुचण्यावर विसंबायचं नसेल तर आधी आकडे बघू. तीन अक्षरं सहा प्रकारे मांडता येतात, चार २४ प्रकारे, पाच १२० आणि सहा ७२० प्रकारे. एखादं अक्षर दोनदा आलं असेल तर मांडण्या निम्म्या होतात. १२० मांडण्या डोक्यात फिरवणं कुणालाच जमत नाही, आणि तशी गरजही नाही. मराठी लिपीतच इतक्या मनाई आहेत (हे अक्षर सुरुवातीला नको, ते शेवटी नको) की त्या लावत गेलं की १२० मधल्या जेमतेम पाच-सहा उरतात. शाळेत ज्या ऱ्हस्व-दीर्घाच्या नियमांनी आपल्याला छळलं, ते इथे बिनपगारी नोकरासारखे राबतात.

हा कोड्यांचा प्रकार तसा जुना नाही. अमेरिकेत मार्टिन नेडेल यांनी १९५४ साली 'स्क्रँबल' नावाने तो सुरू केला आणि पुढे तो 'जंबल' म्हणून रूढ झाला. त्याचा साचा ठरलेला आहे: चार विस्कटलेले शब्द, त्यातल्या काही घरांना गोल, आणि गोलातली अक्षरं जुळवून एका व्यंगचित्राखालचं शाब्दिक कोटीचं उत्तर. मराठीत हाच साचा अक्षरांवर चालतो. मात्र इंग्रजीतलं अक्षर आणि मराठीतलं अक्षर यांत मोठा फरक आहे. आपलं 'णू' हे काना-मात्रा-उकारासकट एकच घर व्यापतं. तो उकार अक्षराला चिकटूनच येतो, आणि तोच आपल्या कामाचा आहे.

आधी कागद, मग डोकं

पेन्सिल घ्या आणि अक्षरं छापलेल्या क्रमात न लिहिता गोलाकार लिहा. यात गंमत म्हणून काही नाही. कोडं रचणारा अक्षरं उगाच उधळत नाही. शेजारी-शेजारी ठेवल्यावर खोटा शब्द दिसेल अशी त्यांची मांडणी तो करतो. 'सूचना' हा शब्द 'ना च सू' असा छापला की डोळ्याला 'नाच' दिसतो आणि मन तिथेच नाचत राहतं. 'कार्यवाही' हा शब्द 'का ही र्य वा' असा आला की 'काही' सुटता सुटत नाही. गोलात लिहिलं की सुरुवातही राहत नाही, शेवटही राहत नाही, आणि हा सापळा निम्मा मोडतो.

लिहितानाच तीन गोष्टी बघून घ्या. अक्षरं किती आहेत? एखादं दोनदा आलंय का? काना-मात्रा अक्षरांना चिकटलेले आहेत की सुटे दिलेत? शेवटचा प्रकार क्वचितच भेटतो, पण भेटलाच तर पद्धत वेगळी लागते: आधी व्यंजनांचा सांगाडा उभा करायचा आणि मात्रा शेवटी वाटायच्या.

कोण कुठे बसू शकत नाही

हा टप्पा मी कधीच गाळत नाही. दोन मिनिटांचं काम असतं. प्रत्येक अक्षराखाली 'आधी नाही' किंवा 'शेवटी नाही' अशी खूण करायची.

'ळ' किंवा 'ण' यांनी सुरू होणारा शब्द मराठीत जवळजवळ नाहीच. ळा, ळी, णे, णू, णि, सगळे यात आले. डोक्यावर रफार असलेलं अक्षर (र्म, र्य, र्थ, र्णा) पहिलं येऊ शकत नाही, कारण तो रफार आधीच्या अक्षराच्या आधाराने उच्चारला जातो. 'ऱ्हास' मधला र वेगळा लिहितात, तो यात धरू नका. स्वतःशीच जोडलेली अक्षरं, म्हणजे त्त, ल्ल, क्क, च्च, हीही सुरुवातीला येत नाहीत. ष्ट, ष्ठ, ष्ण यांचंही तेच. उलट प्र, क्र, ग्र, स्व, स्थ, श्र, व्य, द्व ही जोडाक्षरं दिसली तर ती आधी पहिल्या घरात बसवून बघा. नेम बऱ्याचदा लागतो.

सुटे स्वर तर फुकट मिळालेली खूणच. अ, आ, इ, उ, ए, ओ हे सुटे दिसले की शब्द तिथूनच सुरू होतो असं धरून चाला. 'एकाएकी' किंवा 'रेडिओ' असे अपवाद आहेत, पण थोडे. दीर्घ ई आणि ऊ मात्र उलट वागतात. 'ई' बहुधा शेवटी (लढाई, शिपाई, कढई), तर 'ऊ' मध्ये किंवा शेवटी (पाऊस, देऊळ, भाऊ).

अनुस्वार असलेलं अक्षर शेवटच्या घरात सहसा बसत नाही. इथे जरा जपून. आपण बोलल्याप्रमाणे 'कोडं', 'सोपं' लिहितो, मीही या लेखात तेच करतेय, पण कोड्यांत बहुधा 'कोडे', 'सोपे' अशी लेखी रूपं असतात. विसर्ग मात्र मध्येही येतो आणि शेवटीही: दुःख, स्वतः, अंशतः.

आता 'य र्णा क नि' घ्या. एकूण २४ मांडण्या. र्णा पहिलं येणार नाही, तिथे रफारही आड येतो आणि णही. नि शेवटी येणार नाही, का ते पुढे सांगते. एवढ्यानेच २४ पैकी १४ उरल्या. 'यक' हे शेपूट ओळखीचं आहे (गायक, नायक), ते शेवटी ठेवलं की उरतात नि आणि र्णा, आणि त्यातही र्णा पहिलं येत नाही. निर्णायक. काही 'सुचावं' लागलं नाही.

दुसरी वेलांटी काय सांगते

मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे १४ नियम १९६२ साली मान्य झाले, आणि १९७२ साली त्यात चारांची भर पडून ते १८ झाले. कोडी सोडवताना त्यातले दोन-तीनच लागतात, पण लागतात ते रोज.

पहिला: शब्दाच्या शेवटी येणारा इकार-उकार दीर्घ. कवी, गुरू, पाटी, जादू. याचा कोड्याच्या भाषेतला अर्थ असा की पहिली वेलांटी किंवा पहिला उकार असलेलं अक्षर शेवटच्या घरात बसत नाही. नि, वि, णि, कु, सु, ति दिसले की त्यांच्याखाली लगेच 'शेवटी नाही' अशी खूण. आणि, परंतु, तथापि हे ठरलेले अपवाद, आणि असे अव्ययी शब्द कोड्यात फार येत नाहीत.

दुसरा: शेवटचं अक्षर अकारान्त असेल तर त्याच्या आधीचा इकार-उकार दीर्घ. गरीब, वकील, फूल, सून. म्हणजे दुसरी वेलांटी किंवा दुसरा उकार असलेलं अक्षर आणि एखादं साधं, काना-मात्रा नसलेलं अक्षर अशी जोडी दिसली, तर ती शेपटीला लावून बघायची. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द हा नियम पाळत नाहीत: मंदिर, मधुर, चतुर, सामाजिक. पण तेही उपयोगाचं आहे. ऱ्हस्व इकार आणि पाठोपाठ क, असं दिसलं की हमखास '-इक' शेपटीचा संस्कृत शब्द मनात आणावा.

तिसरा: शेवटचं अक्षर दीर्घ असेल तर त्याच्या आधीचा इकार-उकार ऱ्हस्व. किडा, पिसू, महिना. इथेही संस्कृत शब्द सुटतात (गीता, पूजा).

'शी ग ल ति' वर हे लावू. ति शेवटी नाही. शी दीर्घ आहे आणि त्याच्यामागे बसायला साधा ल तयार आहे, म्हणून 'शील' शेवटी. उरले ग आणि ति. गतिशील. 'णि क प्रा मा' मध्ये तर णि पहिलंही नाही आणि शेवटचंही नाही, म्हणून १२ मांडण्या आधीच बाद. णि आणि क मिळून '-णिक' शेवटी, प्रा पुढे, मध्ये मा. प्रामाणिक.

एक छोटी खूण आणखी. संस्कृत शब्दांत ण बहुधा र किंवा ष यांच्यामुळे येतो, म्हणून तो त्यांच्या मागेच असतो: कारण, चरण, भूषण. 'ण ता व र वा' मध्ये 'रण' शेवटी ठेवा, उरतात तीन अक्षरं आणि सहा मांडण्या, त्यात वातावरण लपत नाही. 'जाणार', 'होणारा' अशा रूपांत क्रम उलटतो, पण ती क्रियापदाची रूपं, कोड्यात विरळा.

शेपटीकडून सुरुवात

शब्द डोक्याकडून शोधण्यापेक्षा शेपटीकडून शोधणं मराठीत जास्त लाभाचं आहे, असं माझं ठाम मत आहे. उपसर्ग (प्र, वि, सु, बे, गैर, ना) कामी येतात, पण बहुतेक एकाच अक्षराचे असल्याने ते चकवतातही फार. प्रत्यय बहुधा दोन अक्षरांचे असतात आणि एका फटक्यात दोन घरं भरतात.

मी वहीच्या मागच्या पानावर शेपट्या लिहून ठेवल्या आहेत: णूक, दार, दारी, कार, गिरी, वान, वंत, शील, खोर, पणा, इक, ईय, ता, त्व, आई, आट. यातली 'णूक' ही सगळ्यात उदार. णू आणि क एकत्र दिसले की नव्वद टक्के काम झालं. सुरुवातीची पाच अक्षरं आठवा: क ड णू नि व. णूक शेवटी गेलं, उरले ड, नि, व. निवड. निवडणूक. १२० मधून सहावर आलो आणि सहामधून एकावर.

'बा री ज दा ब' मध्येही तेच. दा आणि री मिळून 'दारी'. उरले बा, ज, ब. जबाब, म्हणून जबाबदारी. इथे पहिल्यांदा 'बाब' दिसतो आणि तो खराही वाटतो. म्हणून एक पथ्य: जुळवलेल्या जोडीवर दोन मिनिटांत शब्द आला नाही, तर ती जोडी मोडायची. चुकीच्या जोडीपेक्षा सुटी अक्षरं बरी. 'ल तू कु ह' या चार अक्षरांवर मी एकदा अख्खी सकाळ घालवली होती, कारण 'कुल' ही जोडी मनातून जाईना. दुपारी कागदाकडे न बघता सहज 'कु' पासून म्हणायला लागले: कुल, कुह, कुतू... आणि कुतूहल समोर उभं. शेवटी राहिलेला 'हल' किती साधा होता.

तोच उपाय अडलेल्या प्रत्येक शब्दावर चालतो. एकेक अक्षर पहिलं धरायचं, त्याला बाकीचं एकेक जोडायचं आणि मोठ्याने म्हणायचं. डोळा जिथे थकतो तिथे कान ओळखतो. ज्या अक्षरांखाली 'आधी नाही' लिहिलंय त्यांना या फेरीत वगळायचं, म्हणजे फेरी लहान होते. तरीही जमलं नाही तर खरंच कागद बाजूला ठेवा आणि दुसरं काही करा. परत येताना अक्षरं नव्या गोलात, नव्या क्रमाने लिहा, नाहीतर जुनाच खोटा शब्द तिथे दबा धरून बसलेला असतो.

अक्षरांच्या जोड्या दिसल्या तर नादानुकारी शब्द विसरू नका. मराठीत ते मुबलक आहेत. 'ड ब ब ड' म्हणजे बडबड हे कळतंच. 'ट ल खा ख ल' जरा अवघड, कारण एका ख ला काना आहे. दोन ल, ख आणि खा, आणि एकटा ट: लखलखाट. गडगडाट, किलबिलाट, चिवचिवाट ही त्याचीच भावंडं.

दोन उत्तरं आली तर

येतात, आणि ती चूक तुमची नसते. ग, र, म यांचा गरमही होतो आणि मगरही. द, ग, ड यांचा दगड आणि गडद. ट, पा, ल यांचा टपाल आणि पालट. र, ज, नी यांची रजनी आणि नीरज. नुसता शब्द ओळखायचा असेल तर दोन्ही लिहून ठेवा. गोल असलेलं कोडं असेल तर निवाडा शेवटचं उत्तर करतं, कारण ग आणि म यांतलं एकच अक्षर पुढे चालतं.

शेवटच्या उत्तराची गंमत

आता एक अख्खं कोडं सोडवू. चित्रात घड्याळं दुरुस्त करणारा माणूस आहे, भिंतभर घड्याळं टांगलेली. गिऱ्हाईक विचारतं, 'माझं कधी देणार?' तो म्हणतो, 'माझ्याकडे (तीन घरं) (दोन घरं)!'

पहिला शब्द: ग न वे वा, पहिल्या घराला गोल. 'वान' ही शेपूट, पुढे वेग: वेगवान. पण थांबा, 'वागवेन' सुद्धा होतो! क्रियापदाचं रूप कोड्यात सहसा येत नाही, तरी गोलात 'वे' पेन्सिलीने फिकट लिहू.

दुसरा: ज ओं ळ, तिसऱ्या घराला गोल. सुटा ओ पहिला, उरले दोन. ओंजळ. गोलात ळ.

तिसरा: ना च सू, दुसऱ्या आणि तिसऱ्या घराला गोल. 'नाच' मोडा, 'ना' शेवटी न्या: सूचना. गोलात च आणि ना.

चौथा: का ही र्य वा, चौथ्या घराला गोल. र्य पहिलं नाही, मग ते 'का' च्या मागे: कार्य. कार्यवाही. गोलात ही. (बोलताना आपण सर्रास 'कारवाई' म्हणतो, त्यामुळे हा शब्द जीभ चटकन देत नाही.)

हाती आले वे, ळ, च, ना, ही. इथे पुन्हा १२० मांडण्यांच्या मागे लागायचं नाही. घरांची लांबी बघायची, आणि लहान शब्दापासून सुरुवात करायची. दोन घरांचा शब्द: नाही. उरले वे, ळ, च. ळ पहिला नाही, आणि सुटा 'च' मराठीत शेवटी लटकणारा जोर असतो, म्हणून 'वेळच'. माझ्याकडे वेळच नाही! पहिल्या शब्दात 'वागवेन' धरलं असतं तर 'वाळच नाही' आलं असतं, म्हणजे वेगवानच बरोबर.

अशा उत्तरात नेहमी कोटी असते, म्हणून चित्राला लागून असलेले शब्द मनात आणा. घड्याळ म्हटलं की वेळ, काटा, ठोका, किल्ली. एखादा विस्कटलेला शब्द सुटलाच नाही, तरी हातात असलेल्या अक्षरांवरून कोटी ओळखता येते, आणि मग कुठलं अक्षर कमी आहे ते कळून अडलेला शब्द उलट बाजूने सुटतो. हा मार्ग फसवणुकीचा आहे असं काहींना वाटतं. मला नाही वाटत. कोड्याची रचनाच ती सोय देते.

इंग्रजी कोडं करणाऱ्यांसाठी

तिथे मात्रांच्या खुणा नाहीत, म्हणून स्वर एका ओळीत आणि व्यंजनं दुसऱ्या ओळीत लिहा. क्यू दिसला की मागे यू. एच दिसला की तो टी, एस, सी किंवा डब्ल्यू यांना चिकटवून बघा. आय, एन, जी किंवा ई, डी असेल तर आधी शेपटी म्हणून लावा. 'सीके' ही जोडी सुरुवातीला येत नाही. सहा अक्षरांच्या ७२० मांडण्यांत 'लिसन' आणि 'सायलेंट' दोन्ही त्याच सहा अक्षरांतून निघतात, म्हणून दोन उत्तरांचा घोळ तिथेही आहेच.

हात साफ करायला पाच शब्द देते. एकाची दोन उत्तरं आहेत.

१. क म र णू क
२. ना ल अ हे व
३. न शी स ल ह
४. वि स्वा क भा
५. ड ग द

उत्तरं: करमणूक, अवहेलना, सहनशील, स्वाभाविक, दगड किंवा गडद.